बर्फाच्या कवचातला डोळा

एप्रिलमधली रात्र. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, पहाटेचे तीन वाजत आलेले. फ्रान्समधल्या शाब्ली गावात अशा रात्री द्राक्षबागायतदाराच्या घरात कुणाला झोप लागत नाही. बागेतल्या तापमापकाचा पारा शून्याकडे उतरू लागला की घरात गजर होतो. बायका-पुरुष, कॉलेजात जाणारी पोरं, मदतीला आलेले शेजारी असे सगळे जाड कोट चढवून अंधारात निघतात. वेलींच्या ओळींमध्ये मेणाने भरलेले पत्र्याचे डबे आधीच मांडून ठेवलेले असतात, हेक्टरी तीन-चारशे. वाकायचं, झाकण काढायचं, पेटवायचं, चार पावलं पुढे जायचं, पुन्हा वाकायचं. उजाडायच्या आत अख्खा उतार पिवळ्या ज्योतींनी भरून जातो. लांबून पाहणाऱ्याला गावात कसलासा उत्सव आहे असं वाटावं. बागेत उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात मात्र मेणाचा धूर असतो, पाठ भरून आलेली असते आणि नजर सारखी पूर्वेकडे जाते, कारण सर्वांत कडक गारठा सूर्य उगवायच्या अगदी तोंडावर पडतो.

हा सगळा खटाटोप एका डोळ्यासाठी असतो. नाशिक-सांगलीकडचे बागायतदार वेलीच्या कळीला डोळा म्हणतात. शाब्लीत हिवाळाभर मिटलेला हा डोळा मार्चअखेरीस फुगतो. आधी त्यावर कापसासारखी लव दिसते, मग तपकिरी पापुद्रा सुटून हिरवट-गुलाबी कोंब बाहेर येतो. त्या वर्षीच्या घडांची मांडणी त्याच कोंबात झालेली असते. मिटलेला असताना हा डोळा कडाक्याची थंडी पचवतो. फुटला की शून्याखाली दोन-तीन अंशांतच करपतो. सकाळी पाहावं तर कोंब काळा आणि मऊ पडलेला. वेल जगते, पण त्या सालची वाइन बरीचशी गेलेली असते.

शाब्लीच्या बागांत शार्दोने ही एकच जात लागते. जगभर इतक्या ठिकाणी रुजलेली पांढरी द्राक्षं मोजकीच आहेत. तिचं कूळ १९९९ मध्ये जनुकीय चाचण्यांतून उलगडलं. पिनो हे बरगंडीतलं मानाचं द्राक्ष आणि गुए ब्लां ही साध्या शेतकऱ्यांनी लावलेली, जाणकारांनी नाकं मुरडलेली जात. या दोघांच्या संकरातून शार्दोने जन्मली. शाब्लीत तिला जुन्या काळी बोनवा म्हणत, म्हणजे दक्षिणेकडच्या बोन शहराकडून आलेली. ही जात जिथे जाते तिथल्या हवेचं रूप घेते. उन्हाच्या प्रदेशात तिच्या वाइनला पिकल्या अननसाचा, आंब्याचा वास येतो आणि ती तोंडात जड लागते. शाब्लीत तीच जात हिरव्या सफरचंदाची, लिंबाची, ओल्या दगडाची आठवण करून देते. पहिल्या घोटाला जिभेच्या कडा आंबटपणाने चटकन जाग्या होतात.

त्या आंबटपणाचं कारण हवेत आहे. पिकताना मण्यात साखर चढते आणि आम्ल उतरतं. दिवस-रात्र उष्ण असले तर मॅलिक आम्ल भराभर जळून जातं. रात्री गार असल्या तर ते टिकतं. शाब्ली पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे १८० किलोमीटरवर, जवळजवळ ४८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नकाशावर ते बरगंडीत मोडतं खरं, पण बरगंडीची वाइनपेठ असलेल्या बोनपेक्षा शाम्पेनच्या दक्षिणेकडच्या बागा त्याला जवळ पडतात. द्राक्ष इथे जेमतेम पिकतं आणि त्या जेमतेमपणातच चव आहे. ज्या थंडीने ही चव दिली, तिनेच शेकडो वर्षं इथल्या माणसांच्या तोंडचा घास काढून घेतला. शाब्लीचा इतिहास म्हणजे ही थंडी सोडून न जाता तिच्यासोबत राहिलेल्या घरांचा इतिहास आहे.

गाव लहान आहे. मधून सेरँ नावाची शांत नदी वाहते. नदीच्या उजव्या काठावर, गावाच्या डोक्यावर, नैर्ऋत्येकडे तोंड करून एक उतार उभा आहे. इथल्या सात पट्ट्यांना 'ग्रां क्र्यू' हा सर्वोच्च दर्जा आहे: ब्लांशो, बूग्रो, ले क्लो, ग्रनुई, प्रझ, वाल्म्यूर आणि व्होदेझीर. सातही मिळून जमीन जेमतेम शंभर हेक्टर. दुपारनंतरचं ऊन या उतारावर थेट पडतं, आणि सूर्य तिरपा असलेल्या प्रदेशात तेवढ्या फरकानेही द्राक्षं पिकण्या-न पिकण्याचा निकाल लागतो.

या उतारावरचं ढेकूळ हातात घेतलं तर ते करड्या-पांढऱ्या चिकणमातीचं आणि चुनखडीचं निघतं. बोटांनी फोडलं की आत स्वल्पविरामाच्या आकाराचे नखाएवढे शिंपले दिसतात. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता आणि त्याच्या तळाशी हे कालव राहत. शास्त्रज्ञांनी त्यांना 'एक्सोजायरा व्हिर्ग्युला' असं नाव दिलं. त्यातल्या 'व्हिर्ग्युला' या लॅटिन शब्दातूनच फ्रेंचमधला स्वल्पविरामाचा शब्द आला. या थराला किमरिजियन म्हणतात, इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरच्या किमरिज गावावरून. मोठा पाऊस झाला की ही माती उतारावरून खाली वाहून येई. मग शाब्लीचे शेतकरी ती पाठीवरच्या टोपल्यांत भरून पुन्हा वर नेऊन टाकत. पिढ्यानपिढ्या हे काम हिवाळ्यात चाले.

इथल्या बागांची लेखी हकिगत मठांपासून सुरू होते. नवव्या शतकात व्हायकिंगांच्या धाडींना भिऊन तूर शहरातल्या संत मार्टिनच्या मठातले साधू संताच्या अस्थी घेऊन पूर्वेकडे निघाले. राजा दुसऱ्या शार्लने ८६७ मध्ये शाब्लीतला लहानसा मठ त्यांच्या हवाली केला. पुढे १११४ मध्ये जवळच पोंतिन्यी इथे सिस्टर्शियन पंथाचा मठ उभा राहिला. हे साधू अंगमेहनतीला उपासनेचा भाग मानत. शाब्लीच्या उतारांवर त्यांनी बागा मिळवल्या आणि कोणत्या तुकड्यातलं द्राक्ष कसं उतरतं ते वर्षानुवर्षं पाहिलं. त्यांचं वाइन करण्याचं आणि साठवण्याचं ठिकाण 'पेती पोंतिन्यी', म्हणजे छोटं पोंतिन्यी, आजही गावात आहे.

वाइन तयार झाली तरी गिऱ्हाईक दूर होतं आणि ते नदीने जवळ आणलं. पिंपं बैलगाडीने वीसेक किलोमीटरवरच्या ओसेर शहरात जात. तिथून योन्न नदीतून होड्यांवर लादून ती सेनला लागत आणि थेट पॅरिसच्या घाटावर उतरत. मध्ययुगात जडशीळ पिंपं खाचखळग्यांच्या रस्त्याने नेण्यापेक्षा पाण्यावरून नेणं कितीतरी स्वस्त पडे. या व्यापाराने शाब्लीला पैसा दिला, तटबंदी दिली आणि शिकलेली माणसंही दिली. १४७८ मध्ये प्येर ल रूज या मुद्रकाने इथे पुस्तक छापलं, म्हणजे छपाईची कला फ्रान्समध्ये येऊन दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा.

फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी सरकारजमा होऊन लिलावात निघाल्या. मठांच्या बागा व्यापाऱ्यांकडे, वकिलांकडे आणि शेतकऱ्यांकडे गेल्या. त्यानंतर आलेल्या नेपोलियनच्या कायद्याने वारसांत जमीन सारखी वाटण्याचं बंधन घातलं. पुढे काय झालं ते वाटण्या पाहिलेल्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. बाप गेला की बागेच्या ओळी भावंडांत मोजल्या जात. लग्नात चार ओळी येत, वाटणीत सहा जात. शाब्लीतलं घरंदाज वाइन कुटुंब म्हणजे आजही अशा दहा-बारा ठिकाणी विखुरलेल्या तुकड्यांची मोट बांधून बसलेलं घर असतं.

एकोणिसाव्या शतकात योन्न जिल्ह्यात द्राक्षबागा सुमारे ४०,००० हेक्टरांवर पोचल्या होत्या. त्यातली बहुतेक वाइन साधी, पॅरिसच्या कामगारांच्या गुत्त्यांत खपणारी. पण याच जिल्ह्यातल्या शाब्लीचं नाव मोठं होतं. टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'त मॉस्कोतल्या हॉटेलात बसलेला ओब्लोन्स्की जेवणासोबत शाब्लीच मागवतो. १८७० च्या दशकातल्या रशियन वाचकाला ही कुठली वाइन, हे सांगावं लागत नव्हतं.

पण काही दशकांत सगळं कोसळलं. पहिला घाव आगगाडीचा. १८५० च्या दशकात पॅरिसहून दक्षिणेकडे रूळ गेले आणि भूमध्य समुद्राकाठची, भरपूर पिकणारी, स्वस्त वाइन एका रात्रीत राजधानीत उतरू लागली. नदीच्या जवळिकीवर उभा असलेला योन्नचा व्यापार त्या भावाला टिकेना. दुसरा घाव रोगांचा. अमेरिकेतून आलेल्या भुरीने आणि केवड्याने पानं-घड खाल्ले. हे दोन्ही शत्रू नाशिकच्या बागायतदाराच्याही चांगले ओळखीचे आहेत. तिसरा घाव मुळावरच बसला. फिलॉक्सेरा नावाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा पिवळसर किडा वेलीच्या मुळांतला रस शोषून तिला वाळवून टाकी. मोंपेलियेचे वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल एमिल प्लांशों यांनी १८६८ मध्ये उपटलेल्या वेलींच्या मुळांवर तो पकडला. शाब्लीच्या परिसरात तो १८८० च्या दशकाच्या अखेरीस पोचला.

औषध सापडलं ते या किड्याच्याच मूळ घरी, अमेरिकेत. अमेरिकन वेलींच्या मुळांना हा किडा मारू शकत नव्हता. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच काडी, असं कलम करून बागा नव्याने लावायच्या ठरल्या. महाराष्ट्रात क्षारपड आणि कोरड्या जमिनीसाठी डॉगरिज खुंटावर थॉमसनचं कलम करतात. तो डॉगरिजही अमेरिकनच. पण शाब्लीत हा खर्च पेलायला माणसांकडे पैसा राहिला नव्हता. ज्या बागेचं पीक तीन-चार सालांत एकदा थंडी खाते, ती कर्ज काढून पुन्हा कोण लावणार? हजारो हेक्टर उतार गवताला, धान्याला आणि झुडपांना सोडून दिले गेले. पोरं पॅरिसला कामाला गेली. पहिल्या महायुद्धाने उरलेल्या घरांतले हात कमी केले.

या पडझडीत जे तगले त्यांनी दोन वाटा धरल्या. एक वाट एकत्र येण्याची. १९२३ मध्ये शाब्लीच्या बागायतदारांनी 'ला शाब्लिझियेन' ही सहकारी संस्था काढली. ऊस कारखान्यावर टाकावा तशी द्राक्षं इथे आणून टाकत नाहीत. सभासद घरीच द्राक्षं पिळतो आणि रस संस्थेकडे देतो; पुढचं आंबवणं, मुरवणं, विकणं संस्था पाहते. आजही शाब्लीच्या एकूण वाइनपैकी सुमारे चौथा हिस्सा इथून बाहेर पडतो. हिमाने गेलेल्या सालात लहान बागायतदाराला उभं धरायचं काम या संस्थेने केलं.

दुसरी वाट घराच्या नावाची. तोवर शाब्लीची बहुतेक वाइन पिंपांतूनच व्यापाऱ्यांना विकली जाई आणि ती कुणाच्या नावाने, कशात मिसळून बाटलीत जाते, यावर पिकवणाऱ्याचा काही ताबा नसे. रोबेर दोव्हिसा या बागायतदाराने १९३१ मध्ये आपली वाइन स्वतः बाटलीत भरून घराच्या नावाने विकायला सुरुवात केली. माल पडून राहिला तर नुकसान घराचंच होतं, पण आपली बाग आता आपल्या नावाने ओळखली जाणार होती. त्यांचा मुलगा रने आणि पुढे नातू व्हँसाँ यांनी हीच रीत चालवली.

१३ जानेवारी १९३८ रोजी शाब्लीच्या नावाला सरकारी संरक्षण मिळालं. कोणत्या हद्दीत, कोणत्या द्राक्षाची, कशा प्रतीची वाइन शाब्ली म्हणवून घेईल हे कायद्याने बांधलं गेलं. आता घडी बसेल असं वाटत होतं. १५ जून १९४० रोजी जर्मन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले आणि गावाचा जुना मध्यभाग जळाला. १९४५ च्या वसंतात युद्ध संपत असतानाच हिमाने बागा धुऊन नेल्या.

अशा काळात, १९४८ मध्ये, फ्रान्स्वा रावनो याने बाग उभी करायला घेतली. त्याच्या वडिलांनी, लुई यांनी, कुटुंबाच्या जमिनीचा बराच भाग विकून टाकला होता. विकणं हाच त्या दिवसांतला शहाणपणा होता. फ्रान्स्वाचं लग्न दोव्हिसांच्या घरातल्या मुलीशी झालं आणि दोन्ही घरच्या तुकड्यांतून त्याची बाग जुळली. ती कधी फार वाढली नाही. आजही दहा हेक्टरांच्या आसपासच आहे. त्या दहा हेक्टरांत ले क्लो, ब्लांशो, वाल्म्यूर हे मानाचे उतार आहेत.

पण सर्वांत कठीण दिवस अजून यायचे होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये फ्रान्सभर अशी थंडी पडली की मिटलेले डोळेच काय, वेलींची खोडंही फुटली. पुढच्याच वर्षी, १९५७ च्या वसंतात, फुटलेले कोंब हिमाने खाल्ले आणि शाब्लीत तोडायला जवळजवळ काही उरलं नाही. त्या दशकात शाब्लीच्या नावाने उरलेल्या बागा सुमारे ५०० हेक्टर होत्या. हजार वर्षांची परंपरा असलेली वाइन आता किती वर्षं टिकेल, हा प्रश्न त्या वेळी अतिशयोक्तीचा नव्हता.

त्याच सुमारास लोकांनी रात्रीच्या थंडीला हातपाय हलवून उत्तर द्यायला सुरुवात केली. पहिली साधनं म्हणजे डिझेलसारखं तेल जाळणाऱ्या शेगड्या. त्या ओळींमध्ये मांडायच्या, संध्याकाळी तेल भरायचं, रात्री पेटवायच्या, सकाळी पुन्हा भरायच्या. सलग सात-आठ रात्री गारठा राहिला की माणसं काजळीने काळी आणि जागरणाने खचलेली दिसत. १९५९ मध्ये विल्यम फेव्र याने सात हेक्टरांवर आपलं पहिलं पीक काढलं आणि ग्रां क्र्यूच्या उतारावर जमीन जोडत गेला. फुकटात द्यायच्या लायकीची समजली जाणारी ती जमीन होती, कारण शेगड्या पेटवायची तयारी नसेल तर तिच्यावर भरवसा ठेवता येत नसे.

दुसरी युक्ती ऐकणाऱ्याला उलटी वाटते: थंडीत वेलीवर पाणी मारायचं. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, दर ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी. फवाऱ्याचे बारीक थेंब कोंबावर पडतात, गोठतात आणि ती उष्णता कोंबाला मिळते. थर वाढत जातो आणि आतला डोळा शून्याच्या आसपास राहतो, बाहेर पारा शून्याच्या काही अंश खाली गेला तरी. अट एकच, फवारा क्षणभरही थांबता कामा नये. मध्येच पंप बंद पडला तर ओल्या कोंबावरचं पाणी बाष्प होताना उलट उष्णता ओढून घेतं आणि कोरड्या वेलीपेक्षा जास्त नुकसान होतं. त्यामुळे सूर्य वर येऊन बर्फ आपोआप गळायला लागेपर्यंत पंप चालू ठेवावे लागतात. शाब्लीजवळच्या बेन गावात यासाठीच पाण्याचा मोठा तलाव बांधला आहे. अशा पहाटे बागेत गेलं तर प्रत्येक काडी काचेच्या नळीत घातल्यासारखी दिसते. कवचाच्या आत हिरवा कोंब जसाच्या तसा असतो आणि बर्फाच्या वजनाने तारा वाकलेल्या असतात.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा घसरतो, तेव्हा तिथले बागायतदारही शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. फरक वेळेचा आहे. निफाडला तेव्हा वेलीवर भरलेले घड असतात आणि धास्ती मणी तडकण्याची असते. शाब्लीत धास्ती घड जन्मण्याआधीची असते. महाराष्ट्रातली वेल थंडीत झोपतही नाही. म्हणून तिला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या देऊन माणसाने तिचं वर्ष बांधलं. शाब्लीत हिवाळाच वेलीला झोपवतो आणि वसंत तिला उठवतो. कधी उठवायचं हे मात्र माणसाच्या हातात नसतं.

हिमावर थोडाफार काबू आला तसा बाजार वाढला. १९७० च्या दशकात शाब्लीच्या हद्दी कुठवर न्यायच्या, यावरून गावात उघड भांडण लागलं. विल्यम फेव्र आणि त्याच्या बाजूचे लोक म्हणत की खरी शाब्ली किमरिजियन थरावरच पिकते, बाकीच्या जमिनीला हे नाव देऊ नका. झाँ द्यूरुप आणि दुसऱ्या बाजूचे म्हणत की उताराचं तोंड, ऊन आणि हवा यांनाही तितकंच महत्त्व आहे, आणि फिलॉक्सेरापूर्वी जिथे वेली होत्या तिथे त्या पुन्हा लावण्यात चूक काय? सरकारी मंडळाने हद्द वाढवायला मान्यता दिली. २००० च्या सुमारास बागा ४,००० हेक्टरांच्या पुढे गेल्या आणि आज त्या ५,००० हेक्टरांहून जास्त आहेत. ज्यांनी ५०० हेक्टरांचे दिवस पाहिले होते, त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत हे दहापट झालेलं पाहिलं.

नावाची चोरी मात्र सातासमुद्रापलीकडे चालू होती. कॅलिफोर्नियात मोठ्या कारखान्यांनी भलत्याच द्राक्षांपासून केलेली गोडसर पांढरी वाइन 'शाब्ली' म्हणून काचेच्या मोठ्या जारांतून विकली. अमेरिकेतल्या एका पिढीला शाब्ली म्हणजे स्वस्त पांढरी वाइन एवढंच ठाऊक होतं. युरोपीय संघ आणि अमेरिका यांच्यात २००६ मध्ये करार झाला, तेव्हा नव्याने हे नाव वापरायला बंदी आली; जुन्या लेबलांना मात्र सवलत राहिली. आपल्या नावासाठी इतकी वर्षं झगडलेल्या गावाला ही अर्धीच भरपाई होती.

वाइन करण्याच्या पद्धतीतही घराघरांचा पीळ दिसतो. आज बहुतेक शाब्ली स्टीलच्या टाक्यांत होते, आणि त्यातून स्वच्छ, टोकदार वाइन मिळते. रावनो आणि दोव्हिसा यांच्या तळघरांत मात्र जुनी लाकडी पिंपं आहेत. शाब्लीचं पारंपरिक पिंप म्हणजे 'फ्योयेत', १३२ लिटरचं, बरगंडीतल्या नेहमीच्या २२८ लिटरच्या पिंपाहून बरंच लहान. अरुंद तळघरात ते हाताळायला सोपं पडे. पिंपं मुद्दाम जुनी ठेवतात, लाकडाचा वास वाइनला लागू नये म्हणून. रस आंबतो, तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्लात रूपांतर होतं, वाइन या पिंपांत बराच काळ निवांत पडून राहते आणि मग बाटलीत जाते. रावनोंच्या बाटलीच्या तोंडावर पिवळं मेण असतं. शाब्लीत बहुतेक तोडणी आता यंत्राने होते. या घरांत ती हाताने होते, घड न दुखवता.

फ्रान्स्वानंतर रावनोंची बाग झाँ-मारी आणि बेर्नार या मुलांनी पाहिली आणि आता तिसरी पिढी बागेत उतरली आहे. सगळ्यांना हे जमलं नाही. फेव्रने जोडलेली बाग १९९८ मध्ये बाहेरच्या मोठ्या कंपनीकडे गेली. बरगंडीत जमिनीचे भाव इतके चढले आहेत की वारसा हक्काने बाग मिळाली तरी तिच्यावरचा कर भरताना घर मोडायची वेळ येते. १९५० च्या दशकात थंडीने बागा सोडायला लावल्या. आज किमतीने तीच भीती परत आणली आहे. उतारावर जोडून असलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक घराचा असतो आणि दुसरा शहरातल्या गुंतवणूकदाराचा. पहाटे तीन वाजता डबे पेटवायला दोन्हीकडे माणसंच लागतात, पण पहिल्या पट्ट्यात ती माणसं त्याच घरातली असतात.

हवा बदलते आहे, हे शाब्लीतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पूर्वी तोडणी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात सुरू होई. २००३ च्या उष्ण उन्हाळ्यात आणि पुन्हा २०२० मध्ये ती ऑगस्टमध्येच सुरू झाली. हिवाळे ऊबदार झाल्याने डोळे लवकर फुटतात, पण एप्रिलच्या निरभ्र रात्री तशाच आहेत. त्यामुळे धोका उलट वाढला. एप्रिल २०१६ च्या शेवटी हिमाने आणि त्यानंतर गारपिटीने बागा झोडपल्या. एप्रिल २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यात ओळीने काही रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला. उतारावर बर्फ पडला आणि पेटवलेले डबे अपुरे पडले. आता काही बागायतदार मुद्दाम उशिरा छाटतात, म्हणजे डोळे मागाहून फुटावेत. कुणी तारांसोबत विजेच्या उबदार केबल ओढल्या आहेत, कुणी वरची ऊबदार हवा खाली ढकलणारे पंखे लावले आहेत.

शाब्लीच्या पंचांगात तीन दिवसांना फार मान आहे. ११, १२ आणि १३ मे हे संत मामेर, संत पान्क्रास आणि संत सेर्व्हे यांचे दिवस, लोक त्यांना हिमाचे संत म्हणतात. मृग लागेपर्यंत आभाळाकडे पाहत राहणाऱ्या आपल्या शेतकऱ्यासारखा इथला बागायतदार या तीन दिवसांकडे डोळे लावून असतो. तोवर डबे ओळींतून हलवत नाहीत. संत सेर्व्हेचा दिवस गारठा न पडता गेला की दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून घरातले सगळे बागेत जातात. अर्धवट जळालेल्या डब्यांवर झाकणं बसवतात, मेणाचे सांडलेले थर खरवडून घेतात आणि डबे एकावर एक रचून पुढच्या एप्रिलसाठी गोठ्यात ठेवतात. वेलीवर तोवर हातभर कोंब आलेले असतात आणि पानांआड मोहरीएवढ्या कळ्यांचे घोस दिसू लागलेले असतात.